द्रौपदामावशींचा डबा

“इंद्रायणे, चुलीवरचं चाखायचं न्हाई. आधी देवाला, मग जिभंला!”

लग्नाच्या चौथ्या दिवशी मी आमटीचा थेंब तळहातावर घेतला, तेव्हा सासूबाई मागून असं बोलल्या. मी इतकी दचकले की थेंबासकट हात बादलीत बुडवला! सासूबाईंना, म्हणजे साळुबाईंना, जाऊन आता बारा वर्षं झाली. पण पळी उचलली की तो आवाज अजून माझ्या पाठीशी उभा असतो. त्या दिवसापासून आजवर, सत्तावीस वर्षं, नैवेद्याआधी माझ्या स्वयंपाकाला कुणाची जीभ लागलेली नाही. माझीसुद्धा नाही.

आणि सत्तावीस वर्षांत माझं मीठ एकदाही चुकलेलं नाही! ही बढाई नाही. म्हणजे, आहे, पण खरी आहे. मला मीठ कानांनी कळतं. मीठ कमी असेल तर रस्सा नव्या सुनेसारखा दबकत उकळतो. जास्त असेल तर भावकीसारखा तडतडतो. आणि बरोबर असेल तर कीर्तनात बसलेल्या म्हाताऱ्यांसारखा जागच्या जागी डुलतो! माझ्या घरी तर सगळंच रीतीनं चालतं. आमचे हे जेवायला बसले की मिठाची वाटी स्वतः आणून ताटाशेजारी ठेवतात. ताटात डाव्या हाताला मीठ हवंच, ही आपली जुनी पद्धत. आता किती पुरुष पाळतात?

बाकी माझे नेम साधेच आहेत. पहाटे आंघोळ करून आमच्या पिंपरी पेंढारच्या टेकडीवर देवीला पायी जाऊन यायचं. पंगत उठल्याशिवाय आपण जेवायचं नाही. आणि कुणावर आवाज चढवायचा नाही. हा शेवटचा नेम मला मुळीच अवघड गेला नाही, कारण चढवायला मुळात आवाजच नाही! दारात आलेल्या भाजीवाल्याला मी हाक मारते, तेव्हा तो पुढच्या आळीत पोचलेला असतो.

त्या टेकडीमुळेच मी लांबपल्ला मंडळात शिरले. माझी भाची हर्षाली पुण्यात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी डोंगर तुडवते. एकदा तिनं गंमत म्हणून तिचं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. संध्याकाळी बघते तर किंचाळलीच!

“आत्या! अकरा किलोमीटर! तू रोज चालतेस?”

“चालते कुठं? देवीला जाऊन येते.”

“अगं, वर्षाचे चार हजार किलोमीटर होतात! आमच्या मंडळात एवढं कुणी चालत नाही!”

झालं. देवीला जाणारी बाई महिन्याभरात मंडळाची मानाची सभासद झाली. दोन-दोन, चार-चार दिवस चालणारी चाळीस माणसं. कुणी पुण्याचं, कुणी नारायणगावचं, कुणी डॉक्टर, कुणी दूध डेअरीतलं. दरवर्षी मार्गशीर्षात एका शनिवार-रविवारी आमचा मेळा भरतो. जुन्नरहून शुक्रवारी पायी निघायचं, शनिवारी सकाळी शिनोलीत लंकाबाईच्या अंगणात उतरायचं, चुली पेटवायच्या, सगळ्यांनी मिळून जेवायचं, आणि रविवारी भीमाशंकरच्या वाटेला लागायचं. कुणी शेंगदाण्याची चिक्की आणतं, कुणी लसणाची चटणी, कुणी नुसतीच भूक. पण मेळ्याचं मुख्य जेवण म्हणजे माझी मासवडी! आमच्या भागाबाहेरची माणसं नावाला घाबरतात. मासा त्यात औषधालाही नाही. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून माशासारखा आकार द्यायचा, वड्या कापायच्या आणि डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या तिखट रश्श्यासोबत वाढायच्या.

यंदाच्या मासवडीला मात्र एक वचन बांधलेलं होतं.

शिनोलीच्या वर, चार किलोमीटर चढून गेलं की एक वस्ती लागते. तिथं द्रौपदामावशींचं घर आहे. गेली अकरा वर्षं आमचं मंडळ त्या घरावरून जातं आणि अकरा वर्षांत मावशींनी एकाला कोरड्या घशानं पुढं जाऊ दिलेलं नाही. पाणी, चहा, आणि चहाला पैसे विचारले तर शिव्या! सात महिन्यांपूर्वी मावशी ओट्यावरून पडल्या, मांडीचं हाड मोडलं. मी मंचरच्या दवाखान्यात भेटायला गेले, तर खाटेवरून म्हणाल्या,

“इंद्रायणे, हितली खिचडी खाऊन जीव इटला बघ. मला तुझी मासवडी पायजे. तिखट! भरपूर रस्सा घालून!”

“मेळ्याच्या दिवशी पहिला डबा तुमचा, मावशी.”

“पैला? आन तुझा देव?”

“देवाला आधी. पण माणसांत पहिल्या तुम्ही.”

“आसं व्हय! अगं, तुझ्या देवाला काय, रोजच मिळतंय. मी चौऱ्याहत्तर वर्सांची. मला वेळ कमी हाय!”

मावशींच्या घरात देव नाहीत, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध आहेत. माझ्या उपासतापासांची त्या वर्षानुवर्षं थट्टा करतात आणि माझ्या उपासाच्या दिवशी न विसरता रताळी उकडून ठेवतात. त्यांनी आजवर माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

आता समर्थबद्दल सांगते. समर्थ म्हणजे मंडळाचा सामानप्रमुख. मुलगा गुणी, पण वजनाच्या नादानं पार वेडा झालेला. लांब चालायचं तर ओझं कमी हवं, हे खरं. पण ह्यानं दात घासायचा ब्रश अर्धा कापला आहे! खिशात तराजू घेऊन फिरतो. जुन्नरला निघताना त्यानं एकेकाची पिशवी उपसली. माझी पितळी देवाची डबी काट्याला लावली आणि गंभीरपणे म्हणाला,

“ताई, देव दोनशे ऐंशी ग्रॅम भरतो. थोडा कमी करता येईल का?”

“देवाचं वजन कमी होत नाही, बाळा. माणसाचं होतं.”

“बरं, देव राहू दे. पण हा मिठाचा डबा? पाऊण किलो! ठेवा इथंच. सगळ्यांचं मीठ मी घेतलंय.”

“अरे, माझ्या हाताला माझं मीठ लागतं.”

हे मी बोलले, पण माझ्या आवाजात. म्हणजे फक्त माझ्या देवाला ऐकू गेलं. डबा जुन्नरलाच राहिला.

मग त्यानं खंडूभाऊंना गाठलं. खंडूभाऊ म्हणजे द्रौपदामावशींचे धाकटे भाऊ. निवृत्त पोस्टमन. चौतीस वर्षं डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर पायी टपाल वाटलेलं.

“भाऊ, हा मोबाईल दोनशे ग्रॅम आहे. तुम्ही तर तो कधी उचलतच नाही!”

“मंग ठेव तुज्याकडं,” खंडूभाऊ म्हणाले. “माज्या खिशात वाजन्यापरीस तुज्या पिशवीत वाजंल.”

एवढं ऐकून तुम्हाला समर्थ हुशार वाटला असेल. मलाही वाटला. पण ह्या हुशारीत एक मेख होती. मीठ, ग्लुकोज, दूध पावडर, कपडे धुण्याची पावडर, सगळं त्यानं मूळच्या पुड्यांतून काढून पातळ पारदर्शक पिशव्यांत भरलं होतं. चार पांढऱ्या पिशव्या! एकीवरही नाव नाही!

“नाव का नाही रे लिहिलंस?” हर्षालीनं विचारलं.

“लेबलला पण वजन असतं,” समर्थ म्हणाला. “सोपं आहे. खोक्यात डावीकडून पहिली मीठ, दुसरी ग्लुकोज, तिसरी दूध, चौथी कपड्यांची. मला पाठ आहे.”

त्याला पाठ होतं. खंडूभाऊंना नव्हतं.

शनिवारी दहाच्या सुमाराला आम्ही शिनोलीत उतरलो. लंकाबाईनं पहाटेच बेसन हाटून ठेवलं होतं, तिच्या घरच्या मिठानं. (हे लक्षात ठेवा. पुढं ह्याच मिठानं आमची अब्रू राखली.) आम्ही दोघींनी मिळून वड्या थापल्या. मग मी रश्श्याकडे वळले. पंचवीस लिटरचं पातेलं! खोबरं, कांदा, लसूण, मिरची, सगळं भाजून वाटलेलं. आमच्या कुलदैवताला कांदा चालतो, चालतो काय, लागतोच, त्यामुळे नैवेद्याची अडचण नाही. तर्री अशी चढली की अंगणातली कोंबडी शिंकली!

माझे दोन्ही हात वाटणानं कोपरापर्यंत लाल. मी हर्षालीला म्हटलं, “पहिली पिशवी आण गं. मिठाची.”

तिनं आणली. मी डोळे मिटले, कान लावले.

“घाल. अजून. अजून थोडं. अजून…”

“आत्या, लई होईल!”

“घाल म्हणते ना. अजून दबकतोय तो.”

खरोखरच दबकत होता! सत्तावीस वर्षांत इतकं मीठ खाऊन इतका गप्प राहणारा रस्सा मी पाहिला नव्हता. शेवटी बऱ्याच वेळानं तो जरासा डुलल्यासारखा वाटला.

“पुरे! ऐकलंस? आवाज बदलला बघ!”

“एकदा चाखून बघू का?” हर्षाली म्हणाली.

मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिनं जीभ आत घेतली.

देवाची डबी उघडली, केळीच्या पानावर दोन वड्या, वाटीभर रस्सा, भाकरीचा तुकडा वाढला, पाणी फिरवलं, हात जोडले. देवानं काही तक्रार केली नाही. आता आठवतं तेव्हा वाटतं, त्या दिवशी देवाच्या चेहऱ्यावर जरा जास्तच हसू होतं.

मग पहिला डबा भरला. खालच्या पुडात गरम रस्सा, वरच्यात वड्या, त्यावर भाकऱ्या. खंडूभाऊ चपला घालून तयारच होते.

“मी जातो घिऊन. आक्का सकाळपासनं दारात डोळं लावून बसली आसंल.”

“हळू जा हो. रस्सा सांडेल.”

“चौतीस वर्सं तारा वाटल्या मी. येक थेंब सांडनार न्हाई!”

आणि ते गेले. जाताना पाहिलं तर माणूस चालतोय असं वाटतच नव्हतं; वाटच मागे मागे सरकत होती.

पंगत बसली. चाळीस माणसं, तीस किलोमीटरची भूक. पहिला घास. मी हात जोडून उभी, कौतुकाची वाट बघत. दरवर्षी ह्या क्षणाला पंगतीतून एक “हाऽऽय!” उठतो, नाकं वाहायला लागतात, कुणीतरी पाण्यासाठी धावतं. यंदा एकही नाक वाहिलं नाही. शांतता! जशी परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर वाटल्यावर पसरते.

“कसं झालंय?” मी विचारलं.

“छान!” डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवंढा वर गेला आणि खाली यायला तयार होईना.

“वेगळंच झालंय, ताई,” नारायणगावचे एकजण म्हणाले. “नवीन पद्धत का?”

“सौम्य आहे,” तिसरी म्हणाली. “लहान मुलांना चालेल.”

सौम्य? माझा रस्सा? माझ्या रश्श्याला कुणी सौम्य म्हणणं म्हणजे पैलवानाला नाजूक म्हणणं! मी समर्थकडे पाहिलं. तो खाली मान घालून भाकरीचा तुकडा रश्श्याच्या काठाकाठानं नेत होता, पण बुडवत नव्हता.

ही सगळी सज्जन माणसं. माझ्या नेमांना मान देणारी. त्यांनी तो रस्सा संपवलाही असता आणि वर आशीर्वाद मागितला असता. पण पंगतीच्या टोकाला लंकाबाई बसली होती. तिनं वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली, तोंड पुसलं आणि आख्ख्या शिनोलीला ऐकू जाईल असं विचारलं,

“इंद्राबाई, ह्यो रस्सा हाय का लगनातलं सरबत?”

समर्थ ताडकन उठला. खोक्याकडे धावला. पिशवीतलं बोटानं चाखलं, तराजूवर ठेवलं, आणि पांढराफटक होऊन म्हणाला,

“ग्लुकोज! दोनशे साठ ग्रॅम कमी भरतंय!”

नेमका आकडा सांगितल्याबद्दल त्या क्षणीही मला त्याचं कौतुक वाटलं.

झालं होतं ते असं. सकाळी आल्या आल्या खंडूभाऊंनी एक पेला ग्लुकोजचं पाणी करून घेतलं होतं आणि पिशवी ठेवताना दुसरी पहिलीच्या जागी ठेवली होती. आमचं नशीब म्हणायचं. चौथी पिशवी पहिली झाली असती, तर पंगतीत फेस आला असता!

मी खाली बसले. सत्तावीस वर्षं डोळ्यांपुढून गेली. सासूबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या दिसल्या. तोच हर्षालीनं माझा खांदा धरला.

“आत्या… द्रौपदामावशींना शुगर आहे ना गं?”

माझ्या पायांखालची शिनोली सरकली! आहे! चांगली भरपूर आहे. दवाखान्यात तिच्यापायीच टाके भरायला दीड महिना लागला होता. आणि मावशी सात महिन्यांच्या उपाशी. रस्सा कुस्करून, वाटी तोंडाला लावून पिणाऱ्या!

“खंडूभाऊंना फोन लावा!”

समर्थच्या पिशवीतून खंडूभाऊंचा मोबाईल मोठ्या आनंदानं वाजायला लागला.

“मावशींच्या सुनेला, स्वप्नाला लावा!”

लागेना. वर वस्तीवर रेंज फक्त एका चिंचेखाली येते, आणि स्वप्ना दिवसभर चिंचेखाली कशाला बसेल?

“पळा!” डॉक्टर ओरडले.

आणि मंडळ पळालं. दुकानातून आणलेल्या काठ्या, गुडघ्यांचे पट्टे, मनगटावर घड्याळं, सगळं जसंच्या तसं घेऊन दहा-बारा जण चढाला लागले. मीही निऱ्या सावरून निघाले. रोजच्या टेकडीचा उपयोग त्या दिवशी कळला. पहिल्या वळणावर मी डॉक्टरांना मागं टाकलं, दुसऱ्यावर हर्षालीला, तिसऱ्यावर समर्थला. पण पुढच्या वळणावर खंडूभाऊंची पांढरी टोपी दिसायची आणि आम्ही तिथं पोचेपर्यंत ती त्याच्या पुढच्या वळणावर असायची! चाळीस-चाळीस किलोमीटरचे विक्रम सांगणारी तरणी पोरं, आणि त्यांना एक चौसष्ट वर्षांचा पोस्टमन चपलेत हरवत होता!

“भाऊ!” मी हाक मारली. बाजूच्या झुडपातल्या चिमणीनंसुद्धा मान वळवली नाही.

“भाऊऽऽ!” समर्थनं हाक मारली. पण त्याचा श्वास अर्ध्या डोंगराखाली राहिला होता, त्यामुळे आवाज निघाला तो फुग्यातली हवा गेल्यासारखा.

वाटेत खाचरात भात झोडणारी माणसं होती. त्यांनी पाहिलं, शहरातली माणसं काठ्या परजत वर धावताहेत, सगळ्यांचे चेहरे पांढरे!

“ओ पावणं! काय झालं?” एकानं विचारलं.

समर्थ थांबला. बोलायला तोंड उघडलं. शब्द निघेना. म्हणून त्यानं फक्त वस्तीकडे बोट केलं आणि पुन्हा धावला.

आता आमच्या जुन्नर-आंबेगावात माणसं काठ्या घेऊन धावताहेत आणि रानाकडे बोट दाखवताहेत, ह्याचा अर्थ दुसरा काही होतो का?

“बिबट्या! वस्तीत बिबट्या आला रंऽऽ!”

बघता बघता सगळी खाचरं रिकामी! कुणी विळा घेतला, कुणी परात, कुणी बैलाच्या गळ्यातली घंटाच काढून आणली. एका बाईनं दिवाळीतले उरलेले फटाके आणले. मागून परातींचा असा खणखणाट सुरू झाला की मावशींच्या वस्तीवर दहा बिबटे असते तरी त्यांनी घाट उतरून कोकण गाठलं असतं. मी मागं वळून सांगत होते, “अहो, बिबट्या नाही, रस्सा आहे!” पण माझा आवाज आणि समोर पंचवीस पराती!

आणि मग वस्ती आली.

अंगणात उन्हाला बाज टाकलेली. बाजेवर मावशी. पुढ्यात डबा उघडलेला. ताटात भाकरी कुस्करलेली, तिच्यावर रस्सा ओतलेला. आणि मावशींचा हात ताटाकडून तोंडाकडे निघालेला!

तेव्हा माझा नेम मोडला.

“मावशी! खाऊ नकाऽऽऽ!”

तो आवाज माझा होता, हे मला सगळ्यात शेवटी कळलं. गोठ्यातली म्हैस उभी राहिली. खंडूभाऊंच्या हातातला तांब्या पडला. मागचा परातींचा आवाज एकदम बंद झाला. तीस-चाळीस माणसं जागच्या जागी थिजली. (त्या रात्री मी जपाची एक माळ जास्त ओढली. पण खरं सांगते, ओरडल्यावर छातीत फार मोकळं वाटलं!)

मावशी मात्र हलल्या नाहीत. त्यांच्या बोटाच्या टोकावर रश्श्याचा एक थेंब होता. तो त्यांनी बघितला, मग मला बघितलं.

“वरडतीस कशाला? मी काय येडी हाय का न चाखता खायला? जिभंच्या टोकाला लावलं, ग्वाड लागलं आन थांबले.” मग डोळे बारीक करून म्हणाल्या, “इंद्रायणे, तुझा देव आजारी व्हता का गं?”

“का हो, मावशी?”

“न्हाई, ग्लुकोज पाजलंस त्याला!”

मी त्यांच्या पायाशी बसले आणि हसू लागले की रडू, ते मला आजही सांगता यायचं नाही.

“बिबट्या कुटं हाय?” मागून परातवाल्यानं विचारलं.

“बिबट्या न्हाई आला,” मावशी म्हणाल्या. “आन आला तर ह्यो रस्सा ठिवा त्येच्या वाटंवर. तालुका सोडून जातोय का न्हाई बघा!”

सगळं अंगण हसायला लागलं. खंडूभाऊ तेवढे हसले नाहीत. ते समर्थजवळ गेले आणि म्हणाले, “माजा मोबाईल दे. आन तुजं ते लेबल का काय, ते किती वजनाचं आस्तंय?”

“अर्धा ग्रॅम,” समर्थ पुटपुटला.

“त्येच्यापायी चार किलोमीटर चढलास व्हय रं, राव!”

तेवढ्यात खालून आणखी एक मिरवणूक आली. पुढं लंकाबाई, डोक्यावर वड्यांची पाटी. मागं उरलेलं मंडळ, भाकऱ्यांच्या टोपल्या घेऊन.

“म्हनलं, आता कोन खाली येतंय जेवायला,” ती पाटी उतरवत म्हणाली. “रस्सा म्हशीला दिला. तिनं पन आधी हुंगून बगितला.”

मग त्या अंगणात जी पंगत बसली, तशी मेळ्याच्या इतिहासात बसली नव्हती. चाळीस आम्ही, पंचवीस-तीस बिबट्याला आलेले. लंकाबाईच्या मिठातल्या वड्या अगदी बेतशीर. कुणाच्या घरून ठेचा आला, कुणाच्या घरून नव्या तांदळाचा भात. स्वप्नानं कांदे फोडले. फटाकेवाली बाई डॉक्टरांना गुडघे दाखवत होती. समर्थ एका म्हाताऱ्याची भाकरी तराजूवर तोलून दाखवत होता आणि म्हातारा म्हणत होता, “आरं, तोलतोस काय, खा की!” ऊन कोवळं झालं होतं, पोटं भरत होती. माझ्याकडे रागानं बघणारं त्यात कुणीच नव्हतं. ह्यासाठीच तर माणसं इतकं लांब चालत येत असावीत.

नेमाप्रमाणे मी शेवटी, मावशींच्या बाजेशेजारी बसून जेवले. मावशींनी दोन वड्या खाल्ल्या होत्या. तिसरी त्यांनी नुसतीच हातात धरली.

“वडी झ्याक हाय,” त्या हळूच म्हणाल्या. “पन कोरडी गं. सात म्हैनं झालं, सपनात रस्साच येतुया.”

हसण्याखिदळण्यात सगळे विसरले होते. मावशी विसरल्या नव्हत्या. आणि मी त्यांच्या हातावर हात ठेवला होता.

“उद्या सकाळी आणते, मावशी. न्याहारीला. गरम.”

“देवाला दावून?”

“देवाला दाखवून.”

“आन चाखून?”

मी खाली बघितलं. “सासूबाईंचा शब्द आहे, मावशी. आधी देवाला, मग जिभेला.”

“मंग बराबर हाय की तुझ्या सासूचं! आधी देवाला. झालं? दावला निवद? आता ‘मग जिभंला’ कुनी करायचं? त्यो आर्धा शबूद कुटं ठिवलास? तू दावतीस देवाला आन धाडतीस सरळ लोकांच्या पोटात!”

सत्तावीस वर्षं मी त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग इतक्या निष्ठेनं पाळत होते, की दुसरा अर्धा कधी ऐकलाच नव्हता!

रविवारी पहाटे उठून लंकाबाईच्या विहिरीवर आंघोळ केली. मेळा पांघरुणात घोरत होता. चार माणसांपुरता रस्सा टाकला. मीठ लंकाबाईच्या बरणीतलं, मी स्वतः घातलेलं. डोळे मिटून कान लावला. रस्सा डुलत होता. अगदी बेतशीर! नैवेद्य दाखवला, पाणी फिरवलं, नमस्कार केला.

मग इकडं तिकडं बघितलं. कुणी नव्हतं. पळीतला थेंब तळहातावर घेतला आणि जिभेला लावला.

अळणी!

थोडाथोडका नव्हे. चांगला दोन चिमटी कमी! पुन्हा थेंब घेतला. पुन्हा तेच. आणि एकदम माझ्या डोळ्यांपुढं आमचे हे आले. जेवायला बसताना मिठाची वाटी स्वतः आणून, काही न बोलता, ताटाशेजारी ठेवणारे. सत्तावीस वर्षं. रोज. दोन्ही वेळा!

मी मुकाट्यानं दोन चिमटी मीठ घातलं, ढवळलं, पुन्हा चाखलं. मग डबा भरला, फडक्यात घट्ट बांधला. उजाडत होतं. घोरणाऱ्यांच्या उशांना पाय लागणार नाही अशी, कडी न वाजवता, अंगणाबाहेर पडले आणि मावशींच्या वाटेला लागले.

पदराच्या टोकाला चिमूटभर मीठ बांधून घेतलं होतं. माझ्या कानांवर विश्वास नाही, असं काही नाही हो! आपलं, वाटेत लागलं तर असावं म्हणून.